लँडिंग जमत नसेल, तर पुन्हा वर उचला!



नांदेड असो की लातूर, एक प्रश्न हमखास येतो: "सर, धंदा चालत नाही, पण एवढा पैसा घातलाय. आता कसा सोडू?" आज याचं उत्तर शिकाऊ वैमानिकांकडून घेऊ.

आपल्या राज्यात बारामतीला विमान चालवायला शिकवतात. 25 जुलै 2022 ला तिथून एकटीच उडालेल्या शिकाऊ तरुणीचं छोटं सेसना विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. ती बचावली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन शिकाऊ विमानांना अपघात झाले. डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं.

प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं. पण उतरताना नवख्यांची एक चूक जगभर दिसते. विमान जास्त वेगात येतं आणि धावपट्टीवर टेकायचं सोडून तरंगत राहतं. नवखा घाबरून नाक खाली दाबतो. विमान आपटून उसळतं, तो पुन्हा दाबतो. शेवटी पुढचं चाक मोडतं, पंखा जमिनीला घासतो. लक्षात घ्या, वेग 10 टक्के जास्त असला तर थांबायला साधारण 21 टक्के जास्त जागा लागते!

यावर उपाय आहे गो-अराउंड. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, विमान वर न्यायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. साधारण 500 फुटांवर वेग आणि दिशा बरोबर नसेल तर उतरायचंच नाही, हे उडण्याआधीच ठरवायचं. कारण धावपट्टी समोर दिसली की मन म्हणतं, "बसेल, बसेल!" आणि हो, फेरी मारायला टाकीत इंधन शिल्लक पाहिजे.

धंद्यातही तेच. गंजगोलाईत गाळा घ्या की वजिराबादला नाश्ता सेंटर टाका, आधी वहीत तीन ओळी लिहा:

1. किती महिने वाट बघणार?
2. रोजचा गल्ला किती खाली गेला की थांबणार?
3. कोणत्या पैशाला हातच लावणार नाही? पोरीच्या शिक्षणाचा? आईच्या दागिन्यांचा?

रेघ ओलांडली की थांबा. माल विकून मोकळे व्हा, खर्च कमी करा, आठवडी बाजारातून लहान सुरुवात करा. तिसऱ्या ओळीतला पैसा शाबूत असेल, तरच पुन्हा उडता येईल.

आज रात्रीच वही काढा आणि त्या पानावर घरच्या एका माणसाची सही घ्या. शिकाऊ वैमानिकाशेजारी प्रशिक्षक बसतो ना? तुम्हालाही वेळेवर "आता वर उचल" म्हणणारं कुणीतरी पाहिजे.