भय कानांतून शिरते

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेस लागले की पहिले स्थानक शहाड. रात्री उशिरा तेथील फलाटावर उभ्या असलेल्या उतारूस गाडीचा दिवा दिसण्यापूर्वी पुष्कळदा रुळांतील बारीक थरथर ऐकू येते. गाडी येत आहे हे ठाऊक असल्यामुळे तो निर्धास्त असतो. परंतु तीच थरथर मध्यरात्री, दिवा मालवलेल्या घरात, कारण न कळता कानी पडली तर? ध्वनी तोच, पण त्याचे मूळ दृष्टीआड राहिले की मन आपल्यापरीने एखादे मूळ कल्पिते, आणि ते खऱ्याहून अधिक भयंकर असते. भयपटाचा ट्रेलर, म्हणजे चित्रपटाची आगाऊ दाखविण्यात येणारी दोनअडीच मिनिटांची झलक, मनाच्या याच खोडीवर उभारलेली असते.

मुंबईच्या चित्रसृष्टीस ही युक्ती नवी नाही. १९४९ सालच्या 'महल' या बाँबे टॉकीजच्या बोलपटात अदृश्य गायिकेचा स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. त्यासाठी लता मंगेशकर यांनी मायक्रोफोनपासून दूर उभे राहून गाण्यास आरंभ केला व गातगातच त्या त्याच्याकडे चालत आल्या. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'सायको'ची सहा मिनिटांहून मोठी झलक काढली. तीत ते स्वतः यजमानाप्रमाणे खोल्याखोल्यांतून हिंडतात, घडलेला प्रकार सांगू लागतात व वाक्य अर्धेच सोडतात. शेवटी स्नानगृहाचा पडदा सरकतो आणि किंकाळी उठते. खून दिसतच नाही.

अलीकडच्या झलकीही हाच क्रम पाळतात. प्रथम घड्याळाची टिकटिक, नळाचे ठिबकणे असे घरगुती आवाज येतात. त्यांखालून एक खर्ज घुमू लागतो. सेकंदास सुमारे २० कंपने ही मानवी श्रवणाची खालची सीमा. तिच्या आसपासचा नाद ऐकण्यापेक्षा छातीत जाणवतो. १९६४ साली रॉजर शेपर्ड यांनी अखंड चढत असल्याचा भास देणारी स्वरमालिका वर्णिली. अशा चढत्या स्वरास विसावा नसल्याने ऐकणाराही विसावत नाही. मग सारे एकाएकी थांबते. त्या स्तब्धतेत प्रेक्षक श्वास रोखतो, आणि नेमका तेव्हाच आघात होतो.

चित्राचे काम या नादास जागा करून देण्याचे. पात्र चौकटीच्या एका कडेस ठेवून दुसरीकडे काळोखा दरवाजा रिकामा सोडतात. कॅमेरा संथपणे पुढे सरकतो, दृश्ये आखूड होत जातात, मध्येच पडदा काळा होतो.

राही अनिल बर्वे यांच्या २०१८ सालच्या 'तुंबाड'मध्ये कोकणातील संततधार पाऊस असतो आणि आई मुलास हस्तरची भीती घालून निजविते. नाव आधी, रूप मागाहून: मराठी घरांतला बागुलबुवा तरी दुसरे काय असतो?

झलक पाहताना मुले डोळे मिटून घेतात. पण कानांस पापण्या नसतात. एखादी झलक एकदा आवाज बंद करून पाहावी व एकदा डोळे मिटून ऐकावी, म्हणजे भय कोठून येते ते सहज कळेल. शहाडच्या फलाटावर दिवा दिसताच थरथरीचे गूढ संपते. झलकीचे सारे कौशल्य तो दिवा दिसण्यापूर्वी थांबण्यात आहे.