तारपा

गारुड्याची बीन तुम्हांला माहीत आहे. फुगीर तुंबा आणि त्याला जोडलेल्या दोन नळ्या, असे तिचे रूप असते. या बिनेचा एक थोरला भाऊ आपल्याच राज्यात आहे. त्याचे नाव तारपा. वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव महाराष्ट्राच्या पूर्वेकडे आहे. तारपा पाहायचा असेल, तर तेथून थेट पश्चिम टोकाला, पालघर जिल्ह्यात जावे लागेल. तेथे डहाणू, जव्हार, मोखाडा या डोंगराळ भागांत वारली, कोकणा इत्यादी आदिवासी लोक राहतात. तारपा हे त्यांचे आवडते वाद्य आहे.

तारपा कारखान्यात तयार होत नाही. त्याचे सर्व साहित्य शेत आणि रान पुरवते. तुम्ही ज्याला लौकी म्हणता, तो दुधी भोपळा वेलावर पूर्ण पिकू देतात. मग तो वाळवून त्यातील गर व बिया काढून टाकतात. उरते ते हलके पण टणक कवच. त्याला तोंडाने फुंकण्यासाठी एक भोक पाडतात. दुसऱ्या बाजूने बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांवर बोटांसाठी छिद्रे असतात. पुढच्या टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा जोडतात. त्यामुळे आवाज दूरवर पोहोचतो. सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून तेथे मेण लावतात. काही तारपे माणसाच्या उंचीपेक्षाही लांब असतात.

तारप्याचा खरा जीव मात्र बाहेरून दिसत नाही. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाला बांबूची एक पातळ जीभ असते. भोपळ्यात हवा भरली की ही जीभ थरथरते आणि नाद निघतो. जीभ जाड राहिली तर ती हलत नाही. फार पातळ झाली तर सूर बिघडतो. ती किती तासायची, हे हाताला आणि कानालाच कळते. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. जाणत्या माणसाजवळ बसूनच ते शिकावे लागते.

वाजवणेही सोपे नाही. वादक गालांत हवा साठवतो. ती हवा भोपळ्यात सोडत असतानाच तो नाकाने नवा श्वास घेतो. म्हणून सूर मध्येच तुटत नाही.

भाताचे नवे पीक हाती आले की तारप्याचे दिवस येतात. कणसरी ही धान्याची देवता. तिच्या कृपेने घरात धान्य आले, म्हणून सारे आनंदाने नाचतात. वादक मध्यभागी उभा राहतो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात. तारप्याची चाल बदलली की पावलेही बदलतात. नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत. वारली चित्रांत गोलाकार फिरणारी माणसांची रांग तुम्ही पाहिली असेल. तो हाच नाच! पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन 2018) यांनी तो अनेकदा रंगवला.

तारप्याचे नातलग दूर देशांतही आहेत. चीनच्या दक्षिण भागात आणि लाओस, व्हिएतनाम या देशांत ह्मोंग लोक राहतात. त्यांच्या वाद्यात बांबूच्या सहा नळ्या आणि धातूच्या जिभा असतात. ते श्वास सोडताना वाजते, तसेच घेतानाही वाजते. तेथे वादक स्वतःच वाजवता वाजवता नाचतो. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण बांबूला बोलके करण्याची युक्ती दोघांनाही सापडली.

आज लग्नसमारंभांत मोठमोठे ध्वनिवर्धक आले आहेत. कामासाठी अनेक तरुण गाव सोडून शहराकडे जातात. मग जीभ तासायला शिकणार कोण? जव्हारजवळचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी तारपा तयार करण्यात आणि वाजवण्यात सारे आयुष्य घालवले. 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती. हा सन्मान मोठा आहे. परंतु कला जिवंत राहते ती शिकणाऱ्यांमुळे.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा जुना कारागीर असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याचे हात कसे चालतात ते पाहा आणि त्याला प्रश्न विचारा. त्याची विद्या पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट तेथूनच सुरू होते.