केडीई, क्यूटी आणि दयाळू मालकाचा प्रश्न

गेल्या खेपेस आपण वचन म्हणजे काय आणि दिलेले वचन माणसाला का बांधते, इथपर्यंत आलो होतो. आज त्याच चर्चेसाठी एक उदाहरण घेऊ. ते संगणकातलं आहे म्हणून बिचकू नका. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणकशास्त्र नव्हे, त्यामुळे फार खोलात जाण्याची आमची ऐपतच नाही.

आधी घरची गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकात आम्ही वर्गाची टिपणं संगणकावर मराठीत टंकायला लागलो. त्यासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. कंपनीचं नाव इथे घेत नाही. ते चालायला संगणकाच्या मागे डाँगल नावाची एक किल्ली लावावी लागे. बरीच वर्षं सगळं सुखाने चाललं. मग एक दिवस डाँगल बंद पडला. चौकशी केली तर ते उत्पादनच कंपनीने केव्हाच थांबवलेलं. नव्या संगणकावर फाइल उघडली, तर न्यायदर्शनावरच्या टिपणांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी. आता सांगा, आमच्यावर अन्याय कोणी केला? कोणीच नाही. कंपनी सज्जन होती, फोनवर गोड बोलली. तरी आमचं लिखाण आमच्या हातात राहिलं नव्हतं, आणि ते कधीच नव्हतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

हे मनात ठेवा, आणि आता जर्मनीत चला.

युनिक्स जातीच्या संगणकांवर पडद्यावर खिडक्या उमटवण्याचं काम १९८४ पासून एक्स विंडो नावाची व्यवस्था करत आली. ती एमआयटीत जन्मली. पण खिडकीतलं बटण कसं दिसावं, मेनू कुठे असावा, याबद्दल तिला स्वतःचं मत नव्हतं. परिणामी प्रत्येक प्रोग्रामचा चेहरा वेगळा आणि वागणूकही वेगळी. एकाची सरकपट्टी माउसच्या डाव्या बटणाने हलायची, दुसऱ्याची मधल्या. ज्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात ती या पसाऱ्यावरची तोड: खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या चौकटी, फाइल चाळण्याची सोय, सगळं एका वळणाचं. विंडोज वापरणाऱ्याला हा वेगळा थर आहे हे जाणवतही नाही, कारण तिथे तो यंत्रणेशी जोडूनच येतो. लिनक्सवर तो वेगळा निवडता येतो.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी ट्यूबिंगेन विद्यापीठातल्या माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने असा एक डेस्कटॉप सगळ्यांनी मिळून बांधू या, असं जाहीर आवाहन केलं. नाव केडीई. मोठ्या कंपन्यांचा सीडीई नावाचा डेस्कटॉप तेव्हा होताच. त्याच्यावरची ही विद्यार्थिसुलभ कोटी. माणसं जमली, काम झपाट्याने वाढलं, जुलै १९९८ मध्ये पहिली आवृत्तीही आली.

भांडण मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. बटणं, मेनू, सरकपट्ट्या प्रत्येकाने नव्याने घडवायच्या नसतात, त्यांचा तयार साठा लागतो. त्याला टूलकिट म्हणतात. एट्रिखने निवडलं क्यूटी, नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं. उत्तम माल. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना फुकट, आणि आतला कोडही वाचायला खुला. अट एकच: त्यात बदल करून बदललेली प्रत इतरांना वाटायची नाही. म्हणजे बघा, केडीई स्वतः मुक्त, पण उभं दुसऱ्याच्या जमिनीवर. गोव्याच्या मंडळींना मुंडकार शब्द वेगळा सांगायला नको. घर मुंडकाराचं, जमीन भाटकाराची. भाटकार देवमाणूस असेलही. तरीसुद्धा १९७५ साली मुंडकारांना हुसकावून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा करावाच लागला.

केडीईवाल्यांचं म्हणणं होतं, आज जे उत्तम आहे ते वापरू. कंपनी भली आहे, कोणाला त्रास झालाय? दुसऱ्या बाजूने ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी पायापासून मुक्त असा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. तो ग्नोम. डेबियन या लिनक्स वितरणाने तर ऑक्टोबर १९९८ मध्ये परवान्यांचा मेळ बसत नाही म्हणून केडीई काढून टाकायचं ठरवलं. चालणारी, लोकांना आवडणारी गोष्ट काढून टाकायची! पुष्कळांना हा निव्वळ सोवळेपणा वाटला. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हालाही वाटला.

मत बदललं ते फिलिप पेटिट यांच्यामुळे. राजकीय स्वातंत्र्यावरचा त्यांचा ‘रिपब्लिकनिझम’ हा ग्रंथ १९९७ चा, म्हणजे ग्नोमच्याच वर्षीचा. हा अर्थात योगायोग. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. कोणी आडवं येत नाही एवढ्यावर माणूस स्वतंत्र ठरत नाही. गुलामाचा मालक दयाळू आहे, चाबूक कधी उचलत नाही, हवं ते करू देतो. तो गुलाम स्वतंत्र झाला का? नाही. मालकाचं मन उद्या फिरू शकतं, मालक मरून त्याचा मुलगा गादीवर येऊ शकतो. गुलामाला सतत वरच्याच्या चेहऱ्याकडे बघत जगावं लागतं. त्रास होतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. त्रास द्यायचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हे विचारायला हवं. आमच्या डाँगलची गोष्ट इथे जुळवून पाहा.

पुढे जे झालं ते आम्हाला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं, आणि नेमकं त्याबद्दलच कमी बोललं जातं. १९९८ मध्ये केडीईची संस्था आणि ट्रोलटेक यांनी करार करून एक प्रतिष्ठान स्थापलं. मालकाने स्वतःचेच हात बांधून घेतले: मुक्त आवृत्ती काढणं आम्ही थांबवलं आणि बारा महिने उलटले, तर प्रतिष्ठानाने क्यूटी अगदी सैल परवान्याखाली सर्वांना खुलं करावं. हे आश्वासन स्वभावावर सोडलेलं नाही. उद्या कंपनी विकली गेली तरी ते टिकावं, असं लिहून दिलेलं. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीला जीपीएल हा पुरता मुक्त परवानाही मिळाला आणि मूळ तंटा मिटला. कंपनी खरोखरच विकली गेली. २००८ मध्ये नोकियाने घेतली, २०१२ मध्ये क्यूटी नोकियाकडून डिजिया या फिनिश कंपनीकडे गेलं, नंतर त्याची स्वतंत्र कंपनी झाली. मालक बदलत गेले, करार टिकून राहिला.

अर्थात वचनाला त्याच्या शब्दांएवढीच ताकद असते. २०२० च्या आरंभी कंपनीने ठरवलं की दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्त्या यापुढे पैसे मोजणाऱ्यांनाच. त्यावर बरीच कुरकुर झाली.

इथे एक आक्षेप येतोच. क्यूटीच्या खाली कंपायलर, त्याखाली प्रोसेसर, आणि तो प्रोसेसर तर कोणत्या तरी कंपनीचाच! ही अनवस्था थांबायची कुठे? आमचं उत्तर नैयायिकाला शोभेलसं नाही, व्यवहारी आहे. प्रत्येक थराला दोन प्रश्न विचारा: हा खालून काढून घेता येईल का, आणि काढला तर दुसरीकडे जायची वाट आहे का? प्रोसेसर बदलता येतो, प्रोग्राम नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधता येतात. १९९७ मध्ये क्यूटी बदलायचं म्हणजे सगळं केडीई नव्याने लिहायचं.

ही वाट म्हणजे काय, ते ग्नोमकडेच पाहता येईल. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि जुनी मांडणी पार बदलली. ज्यांची बोटं जुन्याला सरावली होती ते नाराज झाले. मग अर्जेंटिनातल्या एकाने ग्नोम २ चा कोड उचलला आणि चालू ठेवला. नाव ठेवलं माते, त्यांच्याकडच्या पेयावरून. परवानगी कोणाची मागितली? कोणाचीच नाही, मागायचं कारणच नव्हतं. आमच्या घरी आज तोच डेस्कटॉप आहे.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: “सर, आम्हाला कोड वाचता येत नाही, मग आम्हाला काय फरक?” रास्त आहे. आम्हालाही वाचता येत नाही. पण वाचू शकणारा कोणीही, मालकाला न विचारता, आपल्यासाठी वाचू शकतो. केडीईच्या ब्राउझरसाठी लिहिलेलं केएचटीएमएल नावाचं इंजिन अॅपलने घेतलं, त्यातून वेबकिट झालं, आणि त्यातूनच २०१३ मध्ये गूगलचं ब्लिंक. तुमच्या मोबाइलवरच्या ब्राउझरमध्ये बहुधा त्याचाच वंश चालू आहे. केएचटीएमएलच्या परवान्यामुळे त्या बड्या कंपन्यांनाही तेवढ्या भागातले आपले बदल खुले ठेवावे लागले.

आणि आमच्या टिपणांचं काय झालं, असंही त्यांनी खाली लिहिलंय. एका जुन्या विद्यार्थ्याने त्या फाँटची अक्षरं ओळखून युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. निम्म्याहून अधिक वाचता येतं. ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार मात्र भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेत. ते आम्ही रोज सकाळी दोन-तीन पानं हाताने दुरुस्त करतो.