परदेशी माल आणि घरचा कामगार

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस कलला तरी बाजारात रिकामी उभी असलेली काही माणसे आहेत. ती आळशी नव्हती. त्यांस कामावर बोलाविणारा कोणी भेटला नव्हता, एवढेच. हा दाखला वर्गात शिकविताना आम्ही या माणसांपाशी नेहमी थोडे थांबतो. कारण असा प्रसंग आजच्या काळी कारखान्यातील कामगारावर अनेकदा येतो. त्याच्या हातचे कसब गेलेले नसते, कामाची हौसही ओसरलेली नसते; परंतु तो जो माल तयार करितो, तोच माल समुद्रापलीकडून स्वस्त येऊ लागतो, कारखान्याचा भोंगा एके दिवशी थांबतो आणि पंधरावीस वर्षांचा अनुभवी मनुष्य बाजारात रिकामा उभा राहतो. अशा वेळी सरकार त्यास कोणते साहाय्य करिते व ते कितपत पुरते, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्यास, ज्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली बदलून रायगड असे झाले, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू परिचित आहेत. १९८९ साली उरणजवळ न्हावा-शेवा येथे मोठे बंदर सुरू झाले. तेथे उतरणाऱ्या परदेशी मालावर पुष्कळ कुटुंबांची उपजीविका चालते आणि स्वस्त वस्तू गरिबाच्या घरीही पोहोचतात. म्हणून आयात म्हणजे केवळ अनर्थ, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. तथापि तिचा लाभ हजारो घरांत थोडाथोडा वाटला जातो आणि तोटा मात्र थोड्या घरांवर एकदम कोसळतो, हे विसरता कामा नये.

साहाय्याचा पहिला व सर्वांत जुना प्रकार म्हणजे जकात. आपल्या किनाऱ्यावरील अनेक घरे एके काळी मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत. १९२० नंतर जपानचे कापड स्वस्त येऊ लागले, तेव्हा त्या गिरण्या अडचणीत आल्या. १९२६ साली सरकारने चौकशीसाठी टॅरिफ बोर्ड नेमले. १९३० साली संरक्षणाचा कायदा झाला. आणि १९३३ साली ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढली. इतकी उंच भिंत उभी राहिली, तरी त्याच सुमारास गिरणीकामगारांच्या मजुरीत कपात झाली आणि १९३४ साली मुंबईत मोठा संप झाला. जकातीची भिंत मालाचे रक्षण करिते. परंतु माणसाचे रक्षण तिच्यामुळे आपोआप होत नाही, हा धडा आपणांस त्या वेळीच मिळाला होता. आजही परदेशी व्यापारी आपल्या देशातील भावापेक्षा कमी भावाने येथे माल ओतू लागला व त्यामुळे येथील धंद्याचे नुकसान होत आहे असे चौकशीत ठरले, तर सरकार त्या मालावर जादा शुल्क बसविते. पण तेही सामान्यतः पाच वर्षांच्या मुदतीचे असते, व त्याची मागणी कारखानदार करितो, कामगार नव्हे.

दुसरा प्रकार नुकसानभरपाईचा. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता. रंग, औषधे इत्यादींस लागणारी रसायने देशातच व्हावीत, या हेतूने ही कंपनी १९६० साली स्थापन झाली. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाली, परदेशातील अवाढव्य कारखान्यांचा स्वस्त माल येऊ लागला, व येथील लहान, जुनी यंत्रे त्यापुढे टिकेनात. अखेरीस २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनी येथील एक विभाग वगळून बाकीचे सर्व बंद करण्याचे ठरविले. वगळलेल्या विभागात अग्निबाणास लागणारे द्रव रसायन होत असे. तो अवकाश संशोधन संस्थेकडे द्यावयाचा होता. जमीन विकून व सरकारी द्रव्य घालून कामगारांचे थकलेले पगार व इतर देणी भागवावीत, आणि जे कामगार इतरत्र सामावणार नाहीत त्यांस स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊन मोकळे करावे, असा तो निर्णय होता. येथे मालक स्वतः सरकार होते, म्हणून एवढी तरी व्यवस्था झाली.

खासगी कारखान्यातील कामगारास आधार कायद्याचा. १९५३ सालापासून असा नियम आहे की, निदान एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचे झाल्यास त्यास एक महिन्याची सूचना अथवा तितका पगार द्यावा, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हा नियम कायम आहे. शिवाय नवे कसब शिकण्यासाठी मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार निधीत भरावा व तो ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावा, असे तीत म्हटले आहे.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. महिना २०,००० रुपये पगाराचा एक कामगार २० वर्षांच्या नोकरीनंतर कमी झाला असे समजा. १५ दिवसांचे स्थूल मानाने १०,००० रुपये. २० वर्षांचे २ लाख. घरखर्च महिना १६,००० धरिला, तर ही रक्कम साडेबारा महिन्यांत संपते. त्यात मुलीचे लग्न किंवा आईचे आजारपण आले, तर सहा महिन्यांतच. नवे कसब शिकण्यासाठी मिळालेले १०,००० रुपयेही मग किराणा दुकानात जातात.

तिसरा प्रकार बेकारीच्या काळातील भत्त्याचा. १९८६ साली बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने पुनर्वसन निधी काढिला. त्यातून पहिल्या वर्षी पगाराच्या शेकडा ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ इतकी रक्कम मिळे. कल्पना उत्तम होती. पण ज्या गिरणीस कागदोपत्री टाळे लागले नव्हते, तिचा कामगार उपाशी असला तरी नियमात बसत नसे. राज्य कामगार विम्यानेही २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना व २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. दुसरीत २०२० साली सरासरी रोजाच्या निम्मा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस देण्याचे ठरले.

परदेशी मालामुळेच काम गेले, असे दाखविणाऱ्या कामगारासाठी निराळी व्यवस्था अमेरिकेने केली होती. अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, १९६२ साली, तसा कायदा झाला. त्यात भत्ता, नव्या धंद्याचे शिक्षण व दुसऱ्या गावी जाण्याचा खर्च, अशी तरतूद होती. पण अटी इतक्या कठीण होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगारगटाचा अर्ज मान्य झाला नाही. १९७४ साली अटी सैल केल्या, तेव्हा पुष्कळांस लाभ झाला. आणि १ जुलै २०२२ रोजी मुदत संपल्यापासून नवे अर्ज घेणे थांबले. आपल्याकडे काम कशामुळे गेले हे पाहून दिलेली अशी खास मदत नाही. जे मिळते ते सर्व बेकारांच्या सामान्य नियमांनी मिळते.

या साऱ्यावरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. केवळ रक्कम हे साहाय्य नव्हे. ती वेळेवर यावी आणि तिच्याबरोबर नवे काम शिकण्याची सोय व शिकेपर्यंत घर चालविण्याची तजवीज असावी. या तिहींपैकी एक जरी उणे पडले, तरी बाकीची दोन वाया जातात.

पालकांस आमची विनंती अशी की, नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचा व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक ही कागदपत्रे घरी जपून ठेवावीत. कंत्राटदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याने तर आपले नाव हजेरीपटावर आहे की नाही, हे आजच पाहावे. कारण ज्याचे नाव पटावर नाही, त्यास हक्क असूनही तो सिद्ध करिता येत नाही. आणि विद्यार्थ्यांनो, वडिलांचे काम गेले तर ती त्यांच्या लायकीची उणीव नव्हे, हे लक्षात ठेवा व त्या दिवसांत त्यांच्याशी अधिक आदराने वागा. दाखल्यातील धन्याने शेवटच्या घटकेस आलेल्यांसही पुरती मजुरी दिली, ती त्यांचे घर चालावे म्हणूनच, असे आम्ही समजतो. कोणतेही राज्य आपल्या रिकाम्या उभ्या असलेल्या माणसांशी कसे वागते, यावरूनच त्याची परीक्षा होते.