दुर्गाचा दरवाजा आणि दप्तराची किल्ली

मालवणसमोर कुरटे बेटावर उभ्या असलेल्या सिंधुदुर्गाचा महादरवाजा नवख्या माणसाला दुरून दिसत नाहीं. १६६४ सालीं पाया घातलेल्या या किल्ल्याचा तट दाराभोवतीं असा वळविला आहे कीं, अगदीं जवळ आल्यावांचून वाट सांपडूं नये. परंतु ज्या दाराची किल्लीच परहस्तें गेली, त्याला तट काय करणार? सरकारी कचेऱ्यांतील संगणकांच्या संरक्षणाचा प्रश्न मुळांत हाच आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत एकेका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांचीं नांवें असतात, व त्यांपैकीं कित्येक चाकरमानी मुंबईस राहतात. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा त्यांना घरबसल्या मिळूं लागला. सोय मोठीच झाली. पण जें दप्तर पूर्वीं तलाठ्याच्या कपाटांत असे, त्याला आतां दूरवरूनही हात लावणें शक्य झालें. तें बंद पडल्यास वारसनोंद, कर्ज, खरेदीखत सारेंच खोळंबतें. आणि त्यांत कोणीं गुपचूप फेरफार केल्यास हक्कच धोक्यांत येतो.

ही भीति काल्पनिक नव्हे. २१ मार्च २०२१ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. या प्रकारांत हल्लेखोर कागदपत्रें गूढ लिपींत कोंडून ठेवतात व तीं सोडविण्यासाठीं खंडणी मागतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पांच सर्व्हर असेच कोंडले गेले, आणि रुग्णांच्या नोंदी पुन्हा हातानें लिहाव्या लागल्या. तेथील जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, असें सरकारनें पुढें संसदेंत सांगितलें. म्हणजे बाहेरचा तट ओलांडल्यावर आंत अडविणारें दुसरें दार नव्हतें.

कायद्याची उणीव नाहीं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे; आणि सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटनेची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावी लागते. अडचण आहे ती रोजच्या वहिवाटींत. कामाचा रेटा वाढला कीं परवलीचा शब्द दोघांतिघांत वांटला जातो, साहेबांच्या स्वाक्षरीचें टोकन कारकुनाच्या खणांत राहतें. मग नोंदींत नांव एकाचें आणि हात दुसऱ्याचा, अशी स्थिति होऊन जबाबदारी कोणावरच ठरत नाहीं. बदली झालेल्या माणसाचें खातें तसेंच उघडें राहतें. संथ जाळ्यामुळें प्रणालीच्या सुधारणा लांबणीवर पडतात. आणि तज्ज्ञ नसलेल्या तालुक्याच्या कचेरींत हल्ला झाल्याचें सहा तासांत ओळखणार तरी कोण?

शिवाय शत्रु नेहमीं माणूसच असतो असें नाहीं. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून दप्तराची एक प्रत मुख्य जाळ्यापासून अलग ठेवणें, व ती खरोखर उघडते कीं नाहीं हें वेळोवेळीं तपासणें अगत्याचें आहे.

ज्याची किल्ली त्याच्याच हातीं, बदलीच्या दिवशींच जुनें खातें बंद, आणि हें पाळण्यास कर्मचाऱ्यांना पुरेसा वेळ व शिक्षण, एवढें झालें तरी निम्में काम होईल. नागरिकांनींही आपला उतारा अधूनमधून पाहत जावा. घरधनी जागा असला म्हणजे राखणदारही जागा राहतो.