लहान कॉलेज, वरची डिव्हिजन

एप्रिल २०१४ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकी कॉलेज आइस हॉकीचा अंतिम सामना झाला. एकीकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं पटकावलेलं अवाढव्य मिनेसोटा विद्यापीठ, दुसरीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावचं युनियन कॉलेज, विद्यार्थी जेमतेम २,२००. युनियननं ७-४ असा सामना मारला. बाकीच्या सगळ्या खेळांत हे कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळतं आणि खेळाची शिष्यवृत्ती तर तेव्हा कुणालाच देत नव्हतं.

एनसीएए या संस्थेनं कॉलेजांच्या तीन डिव्हिजन पाडल्या आहेत. तिथं जिंकून वर चढायचं आणि हरून खाली यायचं, असा प्रकार नाही. कॉलेज किती खेळ चालवतं, शिष्यवृत्त्या देतं की नाही, यावर जागा ठरते. फुटबॉलमध्ये त्यामुळे लहान कॉलेजं मोठ्यांच्या वाटेलाही जात नाहीत. हॉकीत मात्र ही भिंत बरीच ठिसूळ आहे. हा खेळ मुळात थंड प्रदेशातल्या छोट्या गावांचा, आणि पहिल्या डिव्हिजनमध्ये पुरुषांचे संघ आहेतच साठहून थोडे अधिक. दुसऱ्या डिव्हिजनची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तर १९९९ नंतर बंदच झाली. एरवी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असणाऱ्या लेक सुपिरिअर स्टेटनं वरच्या डिव्हिजनचं विजेतेपद १९८८, १९९२ आणि १९९४ असं तीनदा नेलं. एमएसला जाणाऱ्या आपल्या मुलांना अभियांत्रिकीमुळे ठाऊक असलेलं आरपीआयही १९५४ आणि १९८५ चं विजेतं.

युनियन आणि आरपीआय ज्या ईसीएसी कॉन्फरन्समध्ये, म्हणजे हंगामभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात आहेत, तिचा गुणतक्ता मला सगळ्यांत मजेदार वाटतो. बारा संघ, त्यांतले सहा हार्वर्ड-येलसारखे आयव्ही लीगचे. या सहांच्या आपसातल्या सामन्यांवरून आयव्हीचा विजेता वेगळा काढतात; म्हणजे एकाच निकालाची नोंद दोन वह्यांत. नियमित वेळेत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत जिंकलं तर दोन, तिथं हरलं तरी एक. कॉन्फरन्सबाहेरचे निकाल एकूण जय-पराजयात धरतात, गुणांत नाही.

आणि एवढं करून पहिल्या क्रमांकाला मिळतं काय? करंडक, आणि कॉन्फरन्सच्या बाद फेरीत घरचं मैदान. सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं हमखास तिकीट बाद फेरी जिंकणाऱ्यालाच. असे सहा कॉन्फरन्सचे सहा, उरलेले दहा देशभरच्या निकालांवरून सूत्रानं काढलेल्या क्रमवारीतून. हिवाळाभर पहिला राहिलेल्यावर हा अन्यायच आहे, असं माझं मत. २०१३ साली क्विनिपिॲकनं ईसीएसीचा तक्ता जिंकला, येलला हंगामात तीनदा हरवलं. येल कसंबसं सोळांत शिरलं, आणि पिट्सबर्गच्या अंतिम सामन्यात त्यानंच क्विनिपिॲकला ४-० असं लोळवलं. क्विनिपिॲकला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते थेट २०२३ मध्ये.