भांडुपहून येणारी उजेडाची तार



गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा त्यांच्या पिशव्यांतून काय काय निघते! पूर्वी साबण, चहापूड आणि मुलांचे कपडे येत. आता टीव्हीखाली ठेवायचा लांबट ध्वनिक्षेपक, म्हणजे साउंडबार, येऊ लागला आहे. पातळ टीव्हीचा आवाजही पातळच असतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कीर्तन, बातम्या नीट ऐकू येत नाहीत. म्हणून मुलगा हौसेने वस्तू आणतो. पण जोडायची तार चुकीची निघाली तर सण संपेपर्यंत खोके माळ्यावर पडून राहते. म्हणून आज या तारेविषयी चार गोष्टी सांगतो.

माझा धाकटा भाऊ भांडुपला कोकणनगरात राहतो. गेल्या वर्षी त्याने आमच्या आईसाठी साउंडबार आणला. सोबतच्या साध्या तारेने तो टीव्हीला जोडला, तर बोलण्याबरोबर सारखी घूंऽऽ अशी घरघर. दोन दिवस ऐकून आई म्हणाली, "कीर्तनात भुंगा शिरलाय, बंद करा ते." पुढे मी कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा आम्ही दोघे भाऊ भांडुप स्टेशनजवळच्या एका दुकानात ऑप्टिकल तार घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन तारा समोर ठेवल्या. एक साधी, काही शे रुपयांची. दुसरी विणलेल्या कापडी वेष्टनाची, टोकांना सोन्याचा मुलामा, दोन हजारांची. "आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल," तो म्हणाला. भावाचा हात खिशाकडे गेला. मी विचारले, "यातून वीज जाते का हो?" तो म्हणाला, "नाही साहेब, लाइट जाते." "मग सोने कशाला?" दुकानदार हसला आणि साधी तार पिशवीत घातली.

उजेड तारेतून कसा जातो?

विहिरीत बुडी मारून पाण्याखालून तिरके वर पाहिले, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. आतला उजेड तिरका आला की बाहेर न पडता परत आत वळतो. १८४१ साली जिनिव्हाच्या कोलाडॉन या शास्त्रज्ञाने पाण्याच्या वाकड्या धारेतून उजेड असाच वळत जाताना दाखवला. आपल्या पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेले. ते संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८३ साली जपानच्या तोशिबा कंपनीने घरातल्या ध्वनियंत्रांसाठी ही ऑप्टिकल तार काढली. तिच्यात सुमारे १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू असतो. टीव्ही आवाजाचे आकडे करतो आणि ते लाल उजेडाच्या उघडझापीने पलीकडे पाठवतो. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट आणणारी भारतनेटची तार याच तत्त्वावर चालते. ती मात्र काचेची असते आणि मैलोगणती जाते.

भांडुपला मुंबई महापालिकेचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. पाणी स्वच्छ होते ते त्या केंद्रात. पुढच्या नळाचे काम एवढेच, की ते वाटेत गळू नये. तारेचेही तसेच. आवाज गोड किंवा कर्कश करणे हे टीव्ही आणि साउंडबारचे काम. तारेने आकडे पोचवले की तिचे काम झाले. न पोचले तर आवाज तुटतो किंवा अजिबात येत नाही. महाग तारेने तो अधिक गोड होत नाही. तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे करू नये.

तार घेण्याआधी काय पाहावे?

पिशवीवरचे चित्र पाहून आपण बियाणे घेत नाही, तसे खोक्यावरचे चित्र पाहून तार घेऊ नये.

१. आधी दोन्ही यंत्रांची पाठ पाहा. टीव्ही गावाला आणि मुलगा भांडुपला, असे असेल तर टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून त्याला पाठवा. टीव्हीवर 'ऑप्टिकल आउट' आणि साउंडबारवर 'ऑप्टिकल इन' अशी दोन्ही भोके असतील तरच ही तार उपयोगाची. भोक चौकोनी असून त्यावर बारीक झडप असते.

२. दोन्हीकडे एचडीएमआयच्या भोकाजवळ 'एआरसी' असे लिहिले असेल, तर एचडीएमआयची तार अधिक सोयीची. तिच्यातून आवाजाबरोबर रिमोटचा हुकूमही जातो, त्यामुळे बहुधा टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त करता येतो. ऑप्टिकल तारेतून हुकूम जात नाही, म्हणून सहसा साउंडबारचा वेगळा रिमोट वापरावा लागतो. आजीला दोन रिमोट झेपतील का, याचा विचार दुकानातच करा.

३. लांबी मोजून घ्या. टीव्हीपासून साउंडबारपर्यंत सुतळी धरा आणि तीत वीतभर मिळवा. साधारण ५ मीटरच्या आत राहावे. लांब तारेत उजेड मंदावतो आणि उरलेल्या वेटोळ्यात उंदरांची सोय होते.

४. टोक घट्ट बसावे, ढिले नसावे. तोंडांवर टोप्या असाव्यात.

बसवताना

घरी तार आणली आणि आम्ही ती जोडली. आवाज नाही! अर्धा तास मी टीव्हीच्या सगळ्या सेटिंगा धुंडाळल्या. शेवटी आठवीतली पुतणी म्हणाली, "काका, टोकाची टोपी काढलीत का?" टोपी तशीच होती. बी. एस्सी. झालेल्या माणसाची अशी गंमत झाली! तेव्हा आधी टोप्या काढा, मग भोकाचा आकार पाहून तार सरळ आत सारा. जोर करू नका, झडप मोडते. टोकाला धूळ असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. तारेतून उजेड येतो का, हे तळहातावर पाडून पाहा, मुलांना डोळ्याशी धरू देऊ नका.

त्यानंतर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिकल' आणि साउंडबारवरही 'ऑप्टिकल' निवडा. तरीही आवाज आला नाही किंवा नुसती खरखर आली, तर टीव्हीत 'पीसीएम' निवडून पाहा. तार खिळा मारून आवळू नका आणि काटकोनात मोडू नका. आतला तंतू एकदा चिरला की तार बदलावीच लागते.

भुंग्याचे काय झाले?

आमच्या घरी टीव्ही एका भिंतीच्या सॉकेटवर आणि साउंडबार दुसऱ्या भिंतीच्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला की साध्या तांब्याच्या तारेतून थोडी वीज वाहते आणि तीच घरघर होऊन ऐकू येते. ऑप्टिकल तारेत धातूची वाट नसल्यामुळे ती वाट तुटली आणि भुंगा गेला. पण म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. घरघर थांबली तरी सदोष अर्थिंगचा धोका तसाच राहतो. वायरमनला बोलावून तपासून घ्या. वीज कडाडू लागण्याआधीच, ढग दाटून आले की टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि साउंडबार या सगळ्यांचे प्लग काढा. डिश असेल तर तिची तारही सोडवा. ऑप्टिकल तार विजेच्या लोळापासून वाचवत नाही, कारण तो मीटरच्या किंवा डिशच्या वाटेने आत येतो.

त्या संध्याकाळी आईने संपूर्ण कीर्तन ऐकले. शेवटी म्हणाली, "आज बुवांचा शब्द न शब्द कळला. आणि ती सोन्याची तार नाही घेतलीत ना?" नाही म्हटल्यावर ती समाधानाने हसली. वाचलेल्या पैशांत भावाने तिला चष्मा करून दिला.